स्वयंपाकघर नसलेलं घर

गेल्या महिन्यात शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर प्रिन्सिपल मॅडमचा निरोप आला. शाळेत काचेचं मोठं कपाट केलं आहे, त्यात शाळेला अभिमान वाटावा अशा वस्तू ठेवायच्या आहेत, तेव्हा आपलं ते प्रसिद्ध डॅम मॉडेल ज्यांच्याकडे असेल त्यांनी कृपया आणून द्यावं. खाली जोडलेले हात आणि फुलं. त्याखाली बाकीच्यांचे अंगठे, टाळ्या आणि आणखी फुलं.

मी त्या ग्रुपवर कधीच काही लिहीत नाही. कुणाच्या वाढदिवसालाही नाही. तो निरोप मात्र मी पुन्हा पुन्हा वाचला आणि दर वेळी माझे कान तापले. ते डॅम नव्हतं. ते शाळेचं नव्हतं. आणि ज्या दिवशी ते प्रसिद्ध झालं, त्याच्या आदल्या दिवशीच ते निकामी झालं होतं.

मी लहान असताना गोंदियाला आम्ही ज्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो त्या घरमालकीणबाईंना मी पहिल्यांदा ‘आंटी’ म्हणाले. आमच्या शाळेत सगळ्याच बायका आंटी होत्या. त्यांनी जिन्यातच मला थांबवलं.

“आंटी कायले म्हणते वो? मी काय टीव्हीतली आहो का? काकी म्हण.”

तेव्हापासून काकी. उंच, सडसडीत, नाकावर एक चष्मा आणि कपाळावर दुसरा. गळ्यात ऑफिसच्या ओळखपत्राची निळी दोरी, पण तिला ओळखपत्र नाही, एक बोथट चाकू लटकत असायचा. तो चाकू घट्ट बसलेले प्लॅस्टिकचे ठोकळे सोडवण्यासाठी होता. प्रत्यक्षात त्या ठोकळे दातांनी सोडवायच्या. मी एकदा तसं करायला गेले तर माझ्या हातावर चापट बसली. “दात तुझे नवे हायेत. माझे जुने झाले, त्यायचं काय.”

त्या पाटबंधारे खात्यात ट्रेसर होत्या. साहेबांनी काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवून तो शाईनं जसाच्या तसा गिरवायचा, हे त्यांचं काम. नोकरीभर त्यांनी दुसऱ्यांच्या रेघा गिरवल्या. रेघ साहेबाची, हात आपला, असं त्या म्हणायच्या. आणि ते त्या हसून म्हणत नसत.

नोकरीतून सुटल्यावर त्यांनी स्वतःचं असं एकच व्यसन लावून घेतलं, ते म्हणजे ठोकळे. भंगारवाल्याकडे मोठ्या घरांतून टाकून दिलेली खेळणी यायची. त्यातून त्या एकात एक अडकणारे ठोकळे वेचून आणत. आणले की साबणाच्या पाण्यात भिजवायचे, दात घासायच्या ब्रशनं घासायचे आणि अंगणात खाटेवर वाळत घालायचे. कावळ्यांनी पळवू नयेत म्हणून वर मच्छरदाणी. नव्यानं आलेल्या शेजारणीनं विचारलं होतं, “ये कौनसे पापड़ हैं, दीदी?” काकींनी तिला एक लाल ठोकळा दिला आणि म्हणाल्या, “तळून पाहा.”

घर त्यांनी स्वतःच्या पगारातून बांधलं होतं, पण नकाशा भावानं आणि ठेकेदारानं मिळून ठरवला. काकी ऑफिसात दुसऱ्यांचे कालवे गिरवत होत्या तोवर इकडे घराचा सगळ्यात मोठा, सगळ्यात उजेडाचा भाग स्वयंपाकघराला गेला. का, तर बाईचं घर. काकी एकट्या, दिवसातून एकदा भात टाकणाऱ्या. त्यांनी गॅस उचलून मागच्या पडवीत नेला आणि त्या भल्यामोठ्या स्वयंपाकघरात ठोकळे भरले. जिथं डाळी-तांदळाचे डबे असायचे तिथं बर्फी-पेढ्यांचे रिकामे डबे, त्यांत ठोकळे. ते रंगांप्रमाणे लावलेले नसत, आकारांप्रमाणे असत. मी सगळे लाल एकीकडे केले तेव्हा त्यांनी ते परत मिसळले. “हात रंग शोधत नाई. हात आकार शोधते. रंग डोळ्याले लगेच दिसते, त्याची काळजी नोको करू.”

आई त्या खोलीत पहिल्यांदा गेली आणि वर येऊन बाबांना म्हणाली, “ओट्यावर खेळणी मांडलीत त्यांनी. ओट्यावर.” जणू काही तिथं चपला होत्या.

माझी आणि त्यांची खरी ओळख झाली ती माझ्या वाढदिवसाच्या खोक्यावरून. मामानं नागपूरहून ठोकळ्यांचा किल्ला पाठवला होता. मी जिन्याच्या पायरीवर बसून पुस्तिकेतल्या चित्राप्रमाणे एकेक ठोकळा लावत होते. त्या वयात मला लोकांपेक्षा पुस्तिका बऱ्या वाटायच्या. पुस्तिका प्रश्न विचारत नाहीत.

“काय करून राहिली?”

“कॅसल.”

“कोणाचा?”

“माझा.”

“तुझा कसा? कागद तर त्यायचा.”

असं म्हणून त्यांनी पुस्तिका माझ्या हातातून काढून घेतली. मी रडले नाही. मी कुणासमोर रडत नसे. पण आई संतापून खाली गेली. काकी म्हणाल्या, “ठोकळे सगळे हायेत तिच्यापाशी. मी फक्त साहेब काढून घेतला.” ती पुस्तिका त्यांनी चिवड्याच्या डब्याखाली घातली, चित्रांची बाजू खाली करून.

आठवडाभर मी त्यांच्याशी बोलले नाही. मग मी माझं स्वतःचं घर बांधून त्यांना दाखवायला नेलं. उतरतं छप्पर, दोन खिडक्या, मध्ये दार आणि छपरावर धुराडं. बालवाडीपासून मी असंच घर काढत आले होते.

काकींनी ते हातात घेऊन सगळीकडून फिरवलं. “बरं हाय. पण गोंदियात धुराडं कोणाच्या घराले पाहिलं तू?”

मी विचार केला. राइस मिलला असतं, घराला नसतं.

“मंग हेही गिरवलंच ना वो. कागद नव्हता तरी गिरवलं.”

हे मला फार लागलं. अजूनही लागतं. पण हे वाक्य दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर त्यात हसू असतं. काकींच्या आवाजात राग होता आणि तो माझ्यावर नव्हता. ज्यानं कुणी माझ्या डोक्यात ते धुराडं घालून ठेवलं होतं, त्याच्यावर होता.

त्या वर्षी मी त्यांच्याकडून जे शिकले ते कुठल्या वर्गात शिकवत नाहीत. स्वतःचं काही बनवायचं तर आधी जे रोज डोळ्यांसमोर आहे ते घ्यायचं. पहिल्यांदा रंगांकडे बघायचं नाही, मिळेल त्या ठोकळ्यांनी कुरूप असं काहीतरी उभं करायचं. खालच्या थरातला सांधा वरच्या थरातल्या सांध्याखाली येऊ द्यायचा नाही, नाहीतर भिंत बरोबर तिथंच उभी फाटते. पूर्ण झालं असं वाटलं की उचलून कमरेइतक्या उंचीवरून कापसाच्या गादीवर सोडायचं आणि कुठून तुटतं ते पाहायचं. त्यांच्या गादीवर माझी कितीतरी मॉडेलं फुटली. “चांगलं झालं,” त्या म्हणायच्या, “आता कळलं कुठं कच्चं हाय. मोडलं नसतं तर कळलं असतं का?”

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे हलतं ते आधी बनवायचं. दार असेल तर दार, चाक असेल तर चाक. न हलणारं त्याच्याभोवती आपोआप उभं राहतं.

त्यांचं माहेर नवेगाव बांधच्या अलीकडच्या एका खेड्यात. घर कोहळी समाजाचं, पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधणारे लोक. एका सुटीत त्या मला तिथं घेऊन गेल्या. मला वाटलं होतं, आपण मोठं धरण पाहायला चाललो आहोत. त्यांनी मला गावातल्या जुन्या तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, उभं केलं आणि आतल्या बाजूला बोट दाखवलं. पाण्यातून दगडी खांबासारखं काहीतरी वर आलेलं होतं. ते तुडूम. त्याला वरपासून खालपर्यंत एकाखाली एक भोकं, आणि प्रत्येक भोकात लाकडी बूच. धानाला पाणी हवं असलं की वरचं बूच काढायचं. पाणी भोकातून आत शिरतं आणि पाळीच्या पोटातून पलीकडच्या पाटात निघतं. तलाव उतरला की त्याच्या खालचं बूच, मग त्याच्या खालचं.

“सगळ्यात खालचं कधी काढतात?” मी विचारलं.

“काढाचं काम नाई पडलं तर बरं.”

 परतताना बसमध्ये बसले तेव्हा काय बनवायचं ते मला कळलं होतं.

बुचापासून सुरुवात केली. गोल दांडीचा एक तुकडा होता, तो एका भोकाच्या ठोकळ्यात नेमका बसायचा आणि ओढला की निघायचा. भोकाच्या ठोकळ्यावर भोकाचा ठोकळा, असं तुडूम झालं. तुडुमाच्या उंचीवरून पाळीची उंची ठरली. पाळ मधोमध फाटत राहिली, कारण मी ती दोन अर्धुकांत बांधून शेवटी जोडत होते. गादीवर सोडलं की बरोबर मध्यावर दोन तुकडे. काकी बाजूला बसून भाजी निवडत असायच्या. त्यांना चूक दिसत होती हे मला माहीत होतं. त्या सांगत नव्हत्या. एका दुपारी माझं मलाच दिसलं, आणि मी लांब ठोकळे मधल्या सांध्यावरून आडवे घातले. त्या दिवशी पाळ गादीवर पडली आणि नुसती उसळली. काकींनी मेथीची जुडी बाजूला ठेवली आणि टाळी वाजवली. एकच.

पाण्याच्या जागी आम्ही साबुदाणा घातला. बूच ओढलं की साबुदाणा सरसर आत जायचा आणि पाळीच्या दुसऱ्या बाजूनं पाटात पडायचा. वरचं बूच, मग खालचं, मग त्याखालचं. मी ते किती वेळा केलं असेल. काकींनी शेवटी त्या साबुदाण्याची खिचडी केली, कारण त्या काही वाया घालवत नसत.

पाळ मोठी होती. काकींचे जवळजवळ सगळे ठोकळे तिच्यात गेले. डबे रिकामे झाले तेव्हा त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. इतकी वर्षं ठोकळे जमवूनही त्यांनी स्वतःचं असं काही पूर्ण बांधलं नव्हतं. पुरेसे ठोकळे नव्हते, आणि आता कुठं झाले होते.

“हे तुझं मोडलं का मंग माझा नंबर. घर बांधाचं हाय मले. स्वयंपाकघर नसलेलं.”

“मग जेवायचं कुठे?”

“पाह्य, तूही तेच विचारते. घर म्हटलं का सगळे पहिले चूल कुठं ते विचारतात.” मग म्हणाल्या, “खिडकी हाय मोठी. जिना हाय गोल. बाकीचं हात लावल्यावर समजंल.” मी म्हटलं, कागदावर काढून ठेवा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

आमचे ड्रॉइंगचे सर त्याच गल्लीत राहायचे. त्यांनी मॉडेल पाहिलं, प्रिन्सिपल मॅडमना सांगितलं, आणि मॅडम स्वतः घरी आल्या. जिल्ह्याचं प्रदर्शन आहे, शाळेचं नाव होईल. मला लोकांसमोर उभं राहायचं नव्हतं. पण बूच कसं निघतं ते दुसऱ्या कुणाला दाखवता आलं नसतं, म्हणून मी तयार झाले. काकींनी एकच अट घातली. “जसं नेलं तसं आणून द्या. मले ठोकळे लागतात मंग.”

“आंटीजी, आप बिलकुल बेफ़िक्र रहिए,” मॅडम म्हणाल्या.

मॉडेल शाळेनं आधीच नेलं होतं. प्रदर्शनाला काकी ऑफिसची जुनी साडी नेसून आल्या होत्या. माझ्या टेबलासमोर परीक्षक आले, एक गृहस्थ आणि एक बाई. बाईंनी विचारलं, “हे उघडतं का?” मी हो म्हटलं. वर्षभरात अनोळखी माणसाशी मी बोललेला तो पहिला शब्द असेल. मी वरचं बूच धरून ओढलं.

ते निघालं नाही.

मी पुन्हा ओढलं. मग त्याखालचं. माझं नख मोडलं. सगळे बघत होते. तेवढ्यात मागून आमचे सर घाईनं पुढे आले. “खींचो मत बेटा, टूट जाएगा. चिपकाया है.”

चिकटवलं होतं. गाडीतून नेताना सुटं होऊ नये म्हणून आदल्या दिवशी मॅडमच्या सांगण्यावरून सरांनी प्रत्येक सांध्यात प्लॅस्टिकचा डिंक भरला होता. पाळीत, पाटात, आणि प्रत्येक बुचाभोवती सुद्धा. फार निगुतीनं भरला होता. कुठं एक थेंब बाहेर आलेला नव्हता. ज्या वस्तूचं सगळं मोल उघडण्यात होतं, ती वस्तू त्यांनी कौतुकानं बंद केली. आणि आधी कुणी एका शब्दानं विचारलं नाही. ना मला, ना जिचे ठोकळे होते तिला.

काकी पुढे आल्या. त्यांनी पाळीवरून बोट फिरवलं, नाकाशी नेऊन वास घेतला. “ह्याले काय लावलं?”

प्रिन्सिपल मॅडम अगदी आनंदानं म्हणाल्या, “आंटीजी, अब ये ज़िंदगी भर नहीं टूटेगा.”

“मंग जिंदगीभर त्याचं करू काय?”

लोक हसले. त्यांना वाटलं, म्हातारी विनोद करते आहे. आम्हाला बक्षीस मिळालं, नीटनेटक्या कामासाठी. प्रमाणपत्रावर माझं नाव होतं आणि मार्गदर्शक म्हणून मॅडमचं. नंतर शाळेनं काकींना बोलावून शाल आणि नारळ दिला. आणि मॉडेल घरी पोचवताना सर अभिमानानं म्हणाले, “देखिए, जैसा ले गए थे वैसा ही लाए हैं. एक टुकड़ा नहीं हिला.”

मला त्या माणसांचा राग येतो तो त्यांनी वाईट केलं म्हणून नाही. वाईट करणाऱ्याशी भांडता तरी येतं. त्यांनी सत्कार केला. सत्कार करणाऱ्याला काय म्हणायचं? आई-बाबासुद्धा म्हणाले, अगं त्यांनी चांगल्यासाठीच केलं, बक्षीस मिळालं ना. त्या दिवसांत मला भेटणाऱ्या प्रत्येकानं मला खूश व्हायला सांगितलं.

काकींनी गरम पाणी करून पाहिलं. रॉकेल लावून पाहिलं. चाकू घातला, तो वाकला. शेवटी दातांनी ओढलं आणि पुढच्या दाताचा टवका उडाला. त्यांनी तो तळहातावर घेतला, बघितला आणि कचऱ्यात टाकला. मग आम्ही दोघींनी मॉडेल उचललं आणि गादीवर सोडलं. काही झालं नाही. मग काकींनी गादी पायानं बाजूला सरकवली आणि ते फरशीवर सोडलं. एक कोपरा फुटला. त्यांनी वाकून तो उचलला आणि मला दाखवला. सांधा तसाच होता, ठोकळा मधून चिरला होता.

“पाह्य. आता सांधा तुटत नाई. वीटच तुटते.”

एवढंच. त्यांनी मॅडमना कधी काही म्हटलं नाही, आणि ती शाल मी त्यांच्या अंगावर कधी पाहिली नाही. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचं झाकण वाऱ्यानं उडायचं. त्यावर त्यांनी ते मॉडेल नेऊन ठेवलं. त्याच वर्षी बाबांची बदली झाली आणि आम्ही नागपूरला गेलो. भंगारवाल्याकडे ठोकळे यायचे थांबले, कारण प्लॅस्टिक आता वेचत कुणी बसत नाही, गाडी भरून सगळं एकदम वितळवायला जातं. फोनवर मी विचारायची, घराचं काय झालं? काकी म्हणायच्या, “कोणतं घर? हे तर हाय.”

मॅडमचा निरोप आला त्याच्या पुढच्या रविवारी मी गोंदियाला गेले. नागपूरला मी नोकरीला लागल्यापासून ठोकळे जमवत होते; जुन्या सामानाच्या दुकानांतून, ऑफिसातल्या लोकांच्या मोठ्या झालेल्या मुलांकडून. मोठी पिशवी भरली होती. मी काय काम करते ते काकींना तोवर सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं, एका आर्किटेक्टच्या ऑफिसात मी साहेबांची ड्रॉइंगं कॉम्प्युटरवर काढते. 

“पगार बरा हाय ना?” काकींनी विचारलं.

मी पिशवी त्यांच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर उपडी केली. काकींनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. एक ठोकळा उचलला, दुसरा उचलला, एकावर एक ठेवला आणि दाबला. तो बसला नाही. मग मी त्यांचे हात नीट पाहिले. बोटांची पेरं सुजून वाकडी झाली होती, अंगठा आत वळला होता. त्यांनी तळहाताच्या टाचेनं दाबून पाहिलं. ठोकळा निसटून खाली पडला आणि घरंगळत ओट्याखाली गॅसच्या रिकाम्या जागेत गेला.

“तुम्ही सांगा,” मी म्हटलं, “मी लावते. तुम्ही नुसतं सांगत जा, कुठं काय ते.”

“नाई.”

“पण काकी, घर तुमचंच राहील. हात फक्त माझा.”

म्हणून झाल्यावर मला कळलं मी काय म्हणाले ते. काकी माझ्यावर रागावल्या नाहीत. त्यांनी एक स्टूल ओढलं, त्या मोठ्या खिडकीशी नेलं आणि माझ्याकडे पाठ करून बसल्या.

“तू तुझं बनव,” त्या म्हणाल्या. “मी इकडं पाहून राहिली. मले तुझे हात दिसले का मी सांगत बसतो, म्हणून.”

 मी ओट्याशी वळले आणि दाराचा ठोकळा शोधायला लागले, कारण आधी हलतं ते बनवायचं.

संध्याकाळी निघण्यापूर्वी गच्चीवर गेले. मॉडेल तिथंच होतं. उन्हानं रंग उडून सगळे ठोकळे एकसारखे पांढुरके झाले होते. मी सगळ्यात खालचं बूच धरून ओढलं, उगाच. सरांचं काम पक्कं होतं.

तिथंच उभी राहून मी शाळेच्या ग्रुपवर माझा पहिला निरोप लिहिला.

‘मॅडम, ते मॉडेल काकींच्या पाण्याच्या टाकीवर आहे. काढलं तर झाकण उडतं. त्यामुळे देता येणार नाही.’